कॉम्प्युटरच्या आतला आवाज

माझ्या धाकट्या बहिणीचे कान गेले तेव्हा ती कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती. मेंदूज्वर झाला, त्यातून ती उठली, पण ऐकू येणं परत आलं नाही. बोलणं शाबूत होतं. फक्त स्वतःचा आवाज कळत नसल्यानं ती कधी एकदम मोठ्यानं बोलायची. मी तळहात खाली दाबल्याची खूण केली की आवाज उतरवायची. समोरच्याचे ओठ वाचायलाही ती शिकली. कॉम्प्युटरवरचा तिचा आवडता खेळ मात्र सुटला.

त्या खेळात दोघं जण एका अंधाऱ्या गोदामात असतात. दिसत काहीच नाही. पावलांचा आवाज डावीकडून येतो की उजवीकडून, त्यावरून दुसऱ्याला गाठायचं. तीन डाव, त्यातले दोन जिंकेल तो पुढं. ऐकूच येत नसेल तर खेळणार कसं?

मी सॉफ्टवेअर तपासायचं काम घरूनच करते. एका रविवारी तिच्यासाठी एक छोटा प्रोग्राम लिहायला घेतला. कॉम्प्युटरमधून हेडफोनकडं जाणारा आवाज मधल्यामधी पकडायचा आणि पावलं ज्या बाजूला वाजली त्या बाजूला पडद्याच्या कडेची पट्टी उजळायची. एवढंच. तो चालतोय का हे पाहायला मी त्यात आणखी एक भाग घातला होता. आवाज आला की प्रोग्राम स्वतःच माउस त्या बाजूला वळवायचा. तिनं ते पाहिलं आणि म्हणाली, "ताई, हे बंद कर. मला ऐकायचंय. माझ्या वतीनं कुणी खेळायला नकोय." मी तो भाग बंद केला.

काही महिन्यांनी औरंगपुऱ्यातल्या एका गेमिंग कॅफेत याच खेळाची स्पर्धा लागली. आम्ही छावणीतून स्कूटीवर निघालो. क्रांती चौकात सिग्नलला थांबलो तेव्हा मागं बसलेली ती माझ्या खांद्यावर बोटांनी ताल धरत होती. कॅफे पहिल्या मजल्यावर होता. मालकाला सगळे भाईच म्हणायचे. प्रोग्राम चालेल का, हे मी त्यांना आधीच विचारलं होतं. "दिखने के लिए है ना? चलेल की," एवढं बोलून ते कूलरमध्ये पाणी भरायला गेले होते.

उपांत्य फेरीत तिच्यासमोर इंजिनिअरिंगचा एक मुलगा होता. तिनं त्याला सलग दोन डावांत हरवलं. त्यानं हेडफोन काढून टेबलावर आपटला आणि तो थेट तिच्या पडद्यासमोर येऊन उभा राहिला.

"भाई, हे बघा. साइडला काय चमकतंय? प्रोग्राम खेळतोय, ही नाय खेळत."

खोलीतल्या सगळ्या खुर्च्या आमच्याकडं वळल्या. बहिणीला त्याची पाठ दिसत होती, ओठ दिसत नव्हते. ती माझ्याकडं बघायला लागली. मी सावकाश, ओठ स्पष्ट हलवत तिला सांगितलं. तिचा चेहरा लाल झाला.

"मी खेळले!" ती इतक्या मोठ्यानं म्हणाली की दारातला चहावाला थबकला.

भाईंनी मला विचारलं, "मॅडम, सच बोलो. ये अपने आप कुछ करता क्या?"

पेन ड्राइव्हवर मी प्रोग्राम जसाच्या तसा टाकून आणला होता. माउस वळवणारा भाग त्यात होता, फक्त बंद होता. नाही म्हटलं असतं तर तिथं कुणालाच कळलं नसतं. पण उद्या कुणी तो उघडून पाहिला तर तिचं नाव कायमचं खराब होणार होतं. मी म्हणाले, "करू शकतो. पण ते बंद आहे."

"झालं की मग!" मुलगा ओरडला. बहिणीनं माझे ओठ वाचले होते. तिनं माझ्याकडं अशी नजर टाकली की मला तिथून उठून जावंसं वाटलं.

"एक डाव पुन्हा खेळवा," मी भाईंना म्हणाले. "पडदा आणि आवाज दोन्ही रेकॉर्ड करते. पट्टी कधी लागली, ती कधी वळली, सगळ्यांना दिसेल. प्रोग्राम वळवत असेल तर दर वेळी आवाजाबरोबर लगेच वळेल. माणसाला कमी-जास्त वेळ लागतो."

डाव झाला. मी रेकॉर्डिंग लावलं. पडदा दिसला, पण ऐकू आली ती कूलरची घरघर आणि आमचीच कुजबुज. रेकॉर्डरनं माइक पकडला होता, खेळाचा एकही आवाज त्यात नव्हता. मुलगा हसला. त्याचे दोन मित्रही हसले.

साउंडच्या सेटिंगमध्ये स्टिरिओ मिक्स नावाचा पर्याय लपवलेला असतो, कॉम्प्युटरच्या आतला आवाज त्यातून रेकॉर्ड होतो. तो शोधून चालू केला. पुन्हा थोडं खेळून पाहिलं. आता कूलरही नाही, काहीच नाही. पूर्ण शांत.

"टाइमपास चाललाय," मागून कुणीतरी म्हणालं. भाई घड्याळाकडं बघायला लागले.

बहीण माझ्या शेजारी वाकली. "काय झालं?" या वेळी तिचा आवाज जेमतेम निघाला.

मी टेबलाखाली वाकून वायर पाहिली आणि मग लक्षात आलं. कॅफेतले हेडफोन यूएसबीचे होते. खेळाचा आवाज त्या वाटेनं बाहेर जात होता आणि स्टिरिओ मिक्स कान लावून बसलं होतं आतल्या साउंड कार्डाला. तिथं कुणी बोलतच नव्हतं.

"भाई, साधे स्पीकर आहेत का?"

त्यांनी काउंटरवरचे गाणी ऐकायचे दोन स्पीकर काढून आणले. मी हेडफोन काढला, स्पीकर कॉम्प्युटरच्या मागच्या हिरव्या जॅकमध्ये लावले, एक डावीकडं, एक उजवीकडं. प्रोग्रामलाही तिकडंच ऐकायला लावलं. डाव सुरू झाला.

डाव्या स्पीकरमधून पावलं वाजली. खोलीत प्रत्येकानं ती ऐकली, फक्त तिनं नाही. पट्टी उजळली. ती हलली नाही. पावलं जवळ आली, उजवीकडं सरकली, पट्टीही सरकली, तरी ती तशीच. मग पावलं थांबली आणि ती गर्रकन मागं वळली. डाव तिचा झाला.

रेकॉर्डिंग पाहायची गरजच उरली नव्हती, पण भाईंनी ते दोनदा पाहिलं, आवाजासकट. "लडकी खुद खेलती," ते म्हणाले. मग मान खाजवत माझ्याकडं वळले. "पण मॅडम, अपने आप चलने वाली चीज आहे ना त्यात. फायनलला मी चालू देऊ शकत नाय. उद्या कुणी पण आणेल."

मी हे तिला सांगितलं. वाटलं, रडेल. तिनं टेबलावरचा मुलाचा हेडफोन उचलला आणि भाईंसमोर धरला.

"मी पट्टी काढते. मग यानं हे काढावं आणि पुन्हा खेळावं."

भाई मुलाकडं बघत राहिले. त्यानं मित्रांकडं पाहिलं, मग तिच्याकडं. "चालेल," तो म्हणाला. "आधीचा निकाल सोडा. तीन डाव, आवाज बंद. जिंकेल तो फायनलला." भाईंनी मान हलवली, तिनंही.

पेन ड्राइव्ह मी काढून घेतला. दोघंही नुसत्या अंधारात उतरली. पहिला डाव तिनं झटक्यात घेतला. मुलगा भिंतींना धडकत होता, त्याला काहीच सुचत नव्हतं. दुसऱ्यात तो एका कोपऱ्यात दबा धरून बसला आणि ती त्याच्या अंगावरच गेली. तिसरा लांबला. दोघंही इतकी हळू चालत होती की पडद्यावर काही घडतंय असं वाटेना. शेवटी दोघं एकाच दारात समोरासमोर आली आणि पापणी लवायच्या आत तो जिंकला.

ती खुर्चीला टेकून बसली. डोळे भरले होते, ओठ घट्ट मिटलेले. मुलगा उठला, पाठमोराच काहीतरी म्हणाला.

"काय म्हणतोय?" तिनं मला विचारलं.

"म्हणतोय, फायनल झाल्यावर अजून एक खेळणार का. असाच, आवाजाशिवाय."

तिनं बाहीनं नाक पुसलं. "त्याला म्हणावं, लवकर हरून ये. मी इथंच बसलेय."