दोन गिरण्यांची एक गाडी

कारखान्याची साखर रेल्वेनं जाणं बंद झालं, तेव्हा मी लातूर आणि उदगीरच्या मधल्या एका लहान स्टेशनवर मालबाबू होते. मालबाबू म्हणजे मालधक्क्यावरची क्लार्क. बाईमाणूस आलं तरी हुद्द्याचं नाव काही बदललं नाही, आणि मलाही ते बदलून हवं होतं असं नाही.

त्याआधी आमचा धक्का बरा चालायचा. दक्षिणेकडून सिमेंटची गाडी यायची. हमाल ती रिकामी करायचे, वॅगन आतून झाडून-पुसून घ्यायचे, आणि त्याच वॅगनमध्ये कारखान्याची साखर भरून गाडी परत जायची. येताना भरलेली, जाताना भरलेली. मग कारखान्यानं ट्रकवाल्या एका ठेकेदाराशी करार केला. त्यांच्या दारातून थेट व्यापाऱ्याच्या दारात माल. त्यात त्यांचं काही चुकलं असंही मला म्हणता येत नाही. पण साखर गेल्यावर सिमेंटच्या वॅगन रिकाम्याच परत जाऊ लागल्या, आणि काही महिन्यांत सिमेंटवाल्यांनीही आपली गाडी लातूरलाच थांबवायचं ठरवलं. एक गिऱ्हाईक गेलं ते दुसऱ्याला सोबत घेऊन गेलं. त्यानंतर मालगाड्या आमच्या स्टेशनातून न थांबता जायच्या. धक्क्याच्या रुळावर तांबूस गंज चढला. चहाची टपरी बसस्टँडकडे हलली. हमालांतले काहीजण लातूरच्या अडतीत गेले, काही वीटभट्ट्यांवर.

राहिले चाचा. चाचा म्हणजे हमालांचे मुकादम, उदगीरच्या जुन्या मुसलमान वस्तीतले. त्यांच्याबरोबर चार-दोन माणसं. ही मंडळी गाडी नसली तरी रोज सकाळी यायची आणि रुळांमधलं गाजरगवत उपटत बसायची. कुणी सांगितलं नव्हतं, मजुरी मिळणार नव्हती. शेवटी मी विचारलं.

"चाचा, हे कशासाठी करून राहिले तुम्ही?"

"मॅडम, गवत वाढलेला धक्का बंद कराया सोपा जातो," ते म्हणाले. "साफ दिसला की साहेब लोक जरा तरी इचार करतेत."

साहेब खरंच आले. वरच्या ऑफिसातून तपासणीला. माणूस सज्जन होता, घाम पुसत पुसत त्यानं धक्का पाहिला आणि मला म्हणाला, "मालच नाही तर धक्का ठेवून काय करायचं? तुमची बदली नांदेडला करू. चांगलं शहर आहे, मुलांच्या शाळेची सोय होईल."

नांदेड मला नको होतं असं नाही. लेकीच्या अकरावीचा प्रश्न होताच. पण त्याच्या बोलण्यात असं काही होतं, की जणू प्रश्न फक्त माझ्या सोयीचा आहे. चाचा थोड्या अंतरावर हातात गवताची जुडी घेऊन उभे होते, आणि त्यांना कुणी काही विचारत नव्हतं. मला राग आला.

"साहेब, माल नाही असं नाही," मी म्हणाले. "कारखान्याचा माल नाही."

"मग दुसऱ्या कुणाचा आहे?"

"हंगाम संपेपर्यंत वेळ द्या," एवढंच मी म्हणाले. त्यांनी दिला. मला वाटतं, वाद टाळायला दिला असावा.

आमच्या भागात सोयाबीन पिकतं. तेल काढल्यावर उरलेली पेंड कोंबड्यांच्या खाद्यासाठी दक्षिणेत जाते, आणि तीही त्याच ठेकेदाराच्या ट्रकनं. एकट्या गिरणीला अख्खी गाडी भरायची म्हटलं तर तेवढा माल एका वेळी निघत नाही. दोन गिरण्या मिळून मात्र भरू शकत होत्या. अडचण अशी की जवळच्या दोन मोठ्या गिरण्यांचे मालक चुलतभाऊ होते, आणि वाटणीपासून एकमेकांचं तोंड बघत नव्हते. एकाच्या घरच्या लग्नाचा मांडव दुसऱ्यानं गल्लीचं दुसरं टोक धरून टाळला होता, असं चाचांनीच मला सांगितलं.

आम्ही दोघं आधी थोरल्याकडे गेलो. त्यांनी चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "गाडी चांगली हाय. पण त्याच्या पोत्याशेजारी माझं पोतं न्हाई लागणार."

"शेठ, वॅगन वेगळ्या राहतील," मी म्हणाले. "इंजिन तेवढं एक."

ते हसले नाहीत. खिडकीबाहेर बघत म्हणाले, "बघू."

धाकटे त्याहून कडक निघाले. "वॅगनची मागणी कोणाच्या नावानं नोंदवणार?" एवढाच त्यांचा प्रश्न. नियमानं ती एकाच्याच नावावर लागणार होती. मी खरं ते सांगितलं. त्यावर ते उठूनच गेले. आम्ही पायऱ्या उतरत होतो तेव्हा चाचा परत फिरले आणि दारातूनच म्हणाले, "छोटे शेठ, तुमच्या वालिदसाबचा पहिला माल ह्याच धक्क्यावरून गेला. भरणाऱ्यांत मी होतो. आता धक्का बंद होऊन राहिला. तुम्हाला सांगून जावं म्हटलं." आणि उत्तराची वाट न बघता ते पुढे चालू लागले.

आठवड्यानं धाकट्यांचा फोन आला. "त्याच्या नावानं लावा. पण माझा माल आधी भरायचा." मी थोरल्यांना कळवलं. ते म्हणाले, "भरू द्या आधी. पोरगाच हाय ते." पोरगा तेव्हा पन्नाशीचा होता.

वॅगन मिळाल्या. चाचांनी लातूरच्या अडतीतून, वीटभट्ट्यांवरून, नांदेडपर्यंत गेलेले आपले हमाल फोन करकरून बोलावले. ते आले. एकजण येताना पत्नीला घेऊन आला, म्हणाला, हिला दाखवतो आम्ही कुठं काम करत होतो ते. ठरलेल्या तासांत गाडी भरली नाही तर दंड आणि वर नाचक्की, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सकाळी धाकट्यांची पोती चढली. अगदी बिनबोभाट. दुपारी थोरल्यांचे ट्रक यायचे होते, ते येईनात.

फोन केला तेव्हा कळलं, गावाबाहेरच्या फाट्यावर ठेकेदाराच्या माणसांनी आपल्या गाड्या रस्त्यावर आडव्या लावल्यात. पंक्चर झाली, म्हणत होते. सगळ्यांच्या सगळ्या पंक्चर. पोलिसांना कळवलं, पण ते येऊन रस्ता मोकळा होईपर्यंत आमची वेळ संपणार होती. हमाल हातावर हात ठेवून बसून राहिले. मला वाटलं, झालं. साहेबांना आता काही सांगावंच लागणार नाही.

धाकटे शेठ धक्क्यावर होते. आपला माल भरल्यावर त्यांनी घरी जायला हरकत नव्हती. ते माझ्याजवळ आले. "कुठं अडकलेत?"

मी सांगितलं.

"फाट्याच्या पलीकडून शिवारातून गाडीवाट हाय. ट्रक चालत न्हाई तिथं. ट्रॅक्टर चालतो." त्यांनी खिशातून फोन काढला आणि माणसामागून माणसाला लावत गेले. आसपासच्या शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर, स्वतःच्या गिरणीचे दोन. हमालांतले अर्धे चाचांनी फाट्यावर पिटाळले. तिथं ट्रकमधली पोती ट्रॉल्यांत, ट्रॉल्या उसाच्या बांधाबांधानं धक्क्यावर, धक्क्यावरून वॅगनमध्ये. प्रत्येक पोतं दोनदा उचललं गेलं. हमालीवरून कोणी शब्द काढला नाही. ठेकेदाराचा माणूस मोटारसायकलवरून बघायला आला, तेव्हा चाचांनी पाठीवरचं पोतं न उतरवता त्याला म्हटलं, "बाजूला व्हा साहेब, काम चालू हाय."

शेवटच्या ट्रॉलीवर थोरले शेठ स्वतः बसून आले, पांढऱ्या कपड्यांवर पेंडीची पूड. उतरले आणि समोर चुलतभाऊ. धाकट्यांनी पाण्याची बाटली पुढं केली, थोरल्यांनी घेतली. मी वॅगनच्या दारांना सील लावलं. गाडी वेळेत सुटली.

त्या दोघांत पुढे समेट झाला, असं मी लिहिणार नाही. ते आजही एकमेकांशी बोलत नाहीत. पण गाडी लावायची असली की दोघांचे मुनीम बसतात आणि ठरवतात. साखर परत आली नाही, सिमेंटही नाही. रोज गाडी असायची ते दिवस गेले. हंगामात पेंडीच्या थोड्या गाड्या लागतात, मधे तूरडाळीची एक लागली. बाकी वेळ धक्का रिकामा असतो, पण बंद नाही.

माझी बदली शेवटी नांदेडला झालीच. पण आता वॅगनच्या मागण्या माझ्याच टेबलावर येतात. परवा शेजारच्या टेबलावरचे, मागण्या मंजूर करणारे नवे साहेब आमच्या स्टेशनची मागणी बघून म्हणाले, "एवढ्याशा मालासाठी? पुढच्या वर्षी तरी हे स्टेशन टिकेल का?"

"पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी विचारा," मी म्हणाले. "आज त्यांनी वॅगन मागितल्यात. त्या द्या."