पहिला धोंडा आणि फुगलेलं गेट

थंडीत गेट बसवताना मी वेल्डरचं ऐकलं नाही. तो म्हणाला होता, "मालक, दोन्ही कवाडांच्या मधी बोटभर फट ठिवू. उन्हाळ्यात लोखंड फुगतं." मी बारावीपर्यंत विज्ञान शिकलेला माणूस. म्हटलं, "फुगायला ती काय पुरी आहे? फटीतून कुत्री येतात. घट्ट बसव." त्यानं बसवलं. इतकं घट्ट, की मधून पोस्टकार्ड जाईना. आल्यागेल्याला मी ते कौतुकानं दाखवत होतो.

उन्हाळा लागल्यापासून गेट दिवसा उघडंच असायचं, म्हणून काही कळलं नाही. मग धोंड्याचा महिना लागला, लेकीच्या लग्नानंतरचा पहिलाच. अधिक महिन्यात लेक-जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे जेवू घालायचे, ही आमची रीत. त्यात काही उणं राहिलं तर व्याही पुढचा धोंडा येईपर्यंत, म्हणजे तीन वर्षं, विसरत नाहीत, असं बायकोचं मत. ती आठ दिवस अनारशांच्या मागे होती. माझ्याकडे काम एकच. पुरणाच्या वासानं कुत्री येतील, गेट लावून ठेवायचं. सकाळी सातला लावलं.

दुपारी एकला नगरहून मोटारसायकल आली. मी धावत जाऊन कडी काढली आणि ओढलं. गेट हलेना. दोन्ही हातांनी ओढलं, तळवे भाजले. बाहेर उन्हात नव्या कपड्यांतले जावई आणि डोक्यावर ओढणी घेतलेली लेक.

"मामा, राहू द्या. मी वरून येतो," जावई म्हणाले.

पाय धुवायला घागर घेऊन आलेल्या बायकोनं ते ऐकलं. "पहिल्या धोंड्याला जावई गेटवरनं उडी मारनार? अहो, उघडा की."

"अगं, अडकलंय."

"पप्पा," बाहेरून लेक म्हणाली, "रेल्वेच्या रुळांत फट का ठेवतात, हे मला कोणी शिकवलं होतं हो?"

जावई हसले नाहीत, नुसतं रस्त्याकडं बघितलं. मग म्हणाले, "मामी, गेटवर पाणी मारा बरं. थंड झालं की सुटेल."

पाय धुवायची घागर गेटवर गेली. मग माठ रिकामा झाला, मग हंडा. घाईत अर्धं पाणी वरून पलीकडं. शेवटी त्यांनी बाहेरून ढकललं, मी आतून ओढलं, आणि गेट कुरकुरत सुटलं. जावई आत आले ते गुडघ्यापर्यंत भिजून. ओवाळताना बायको मान वर करेना.

जेवताना आता काहीतरी बोलतील म्हणून मी घास चघळत बसलो. ते म्हणाले, "मामी, अजून एक धोंडा वाढा." चार खाल्ले. निघताना बायकोच्या पाया पडून हळूच म्हणाले, "गेटचं घरी सांगायचं नाही, असं आमचं दोघांचं ठरलंय."

संध्याकाळी उरलेले अनारसे डब्यात भरता भरता बायको म्हणाली, "पोरगा गुणाचा हाय. लेकीचा घोर मिटला माझा. उद्या त्या वेल्डरला बोलवा, अन् तो सांगंल ते ऐकून घ्या, त्याला शिकवत बसू नका. पुढच्या धोंड्याला त्यांच्या काखेत लेकरू आसंल. तवा कुठं पाणी मारत बसू?"