मांडीवरची बॅटरी

नवेगाव बांधच्या ढिवर मोहल्ल्यात रुख्मिणीच्या हातच्या मण्यांशिवाय जाळं पाण्यात जात नसे. तळ्याकाठची चिकणमाती मळायची, बोटाएवढे लांबट मणी वळायचे, काडीने आरपार भोक पाडायचं आणि भाजून काढायचे. त्या मण्यांच्या वजनाने जाळं तळाला बसतं. “मासे मी धरतो,” असं नवरा बकाराम ऐटीत म्हणाला, की ती म्हणे, “धरता तुमी, पन जाळं बुडवतो मी.”

त्या सुमारास, म्हणजे दोन हजार अकरा साली, जंगलातल्या टोल्यांवरचे, त्या लहान वस्त्यांवरचे, सौर दिवे एकेक करून विझायला लागले होते. छपरावरची पाटी उन्हात शाबूत होती, पण चार वर्षांत बॅटऱ्या मेल्या आणि खाटेखाली जाऊन पडल्या. बकारामला कोणीतरी सांगितलं, की आत शिसं असतं. शिशाचे मणी मातीपेक्षा जड, शिवाय फुटायचे नाहीत. टोल्यावरच्या हेमराज मडावीला टोपलंभर मासे देऊन त्याने पाच बॅटऱ्या आणल्या आणि साऱ्या मोहल्ल्याला शिशाचे मणी कबूल करून मोकळा झाला.

पहिली बॅटरी त्याने परसात फोडली आणि आतलं पाणी कुंपणाशी ओतलं. दोन दिवसांत रुख्मिणीचा कोहळ्याचा वेल बुडापासून करपला.

“काऊन जी, वेलाच्या बुडाशी काय ओतलं?”

“बॅटरीतलं पानी. पानीच त होतं.”

“पान्यानं वेल जळते?”

“उन्हानं जळला असंल.”

“ऊन एवढ्याच वेलाले लागलं? बाजूचा दोडका त हासून राहिला.” मग फुटलेल्या तुकड्यांकडे पाहत तिने विचारलं, “अन् हे कुठं धुनार होते?”

“बांधात,” बकाराम म्हणाला, आणि म्हणता म्हणताच तळ्याकडे पाहू लागला. त्याच पाण्यात त्याचे मासे होते.

मग तो पुटपुटला, “पन मी कबूल केलं ना वो सगळ्याईले. आठवड्यानं जाळे पडतीन. तोंड कसं दाखवू?”

“मनी मी देतो. माती तुमी मळा.”

गुडघाभर चिखलात माती तुडवणाऱ्या बकारामला पाहायला मोहल्ला लोटला. “का गा, शिसं लय नरम निघालं?” म्हणून शेजारच्या चैतरामने विचारलं. बकारामने त्यालाच ओढून चिखलात उभं केलं. मग आणखी दोघे उतरले. इतक्या पायांनी मळलेली माती रुख्मिणीला आजवर मिळाली नव्हती. आठवड्याच्या आत मणी भाजून निघाले आणि जाळी ठरल्या दिवशी पाण्यात पडली.

राहिल्या बॅटऱ्या. गोंदियातला बॅटरीवाला जुन्या बॅटऱ्या परत घेतो, त्या कारखान्यात जातात आणि त्यातल्या शिशाची नवी बॅटरी होते, हे हेमराजला ठाऊक होतं. पण एवढ्या लांब जायचा त्याला कंटाळा. रुख्मिणीने फुटलेली बॅटरी प्लास्टिकच्या बादलीत घालून तोंड बांधलं, आणि मग बसने गोंदियाला दर फेरीला एक बॅटरी नेऊ लागली. पाणी सांडू नये म्हणून बॅटरी फडक्यात गुंडाळून सरळ मांडीवर धरायची.

“बाई, याचं तिकीट?” कंडक्टरने हटकलं.

“लेकराले कुठं तिकीट लागते? पाचाच्या आतलं हाय. मांडीवर बसते.”

सारी बस हसली. कंडक्टरही हसला आणि पुढे सरकला.

हळूहळू टोल्यांवरून लोक मेलेल्या बॅटऱ्या तिच्याकडे आणून ठेवू लागले. कुंपणाशी त्या जागेवर पुढे गवतसुद्धा उगवलं नाही. कोणी शिशाचं नाव काढलं, तर बकाराम त्याला तिथे नेऊन उभं करी.

पुढे रुख्मिणीचे गुडघे दुखायला लागले, तेव्हा बॅटऱ्या न्यायचं काम बकारामकडे आलं. पहिल्याच फेरीला तोच कंडक्टर भेटला. हेमराजने पहिली मेल्यावर घेतलेली ही दुसरी बॅटरी चांगली सहा वर्षं चालली होती. बकारामने ती मांडीवर नीट सरळ केली, पैसे पुढे धरले आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाला, “गोंदिया. एक फुल, एक हाफ.”