टाकलेली पानं उलटायची नसतात

पोकर हा खेळ मला आजतागायत नीट कळलेला नाही, हे आधीच सांगून टाकते. पाच पानं वाटतात, नको ती बदलून घेतात, आणि मग ज्याच्या हातात काही नाही तोच सगळ्यांत मोठ्या आवाजात बोलतो, एवढं ध्यानात आलं. पण एवढं तर मला लग्नातल्या मानपानावरूनही ठाऊक होतं.

महायुद्ध संपलं त्याच्या पुढच्या चैत्रात आमचे हे रजेवर घरी आले. पलटणीत होते, पार इटलीपर्यंत जाऊन आलेले. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, पण सहवास म्हणाल तर दोन रजांचा. मी सांगलीच्या पेठेत वाढलेली, सातवी पास. सासर साताऱ्याच्या पूर्वेला, ऊस, विहीर आणि घरटी एक माणूस पलटणीत, अशा गावात. नवरा घरी आला की घरातल्या बाईला आनंद व्हावा, तसा मलाही झाला. पण आलेला माणूस नेमका कोण आहे हे कुणाला विचारावं, ते मात्र कळेना.

हे आले त्याच्या आधीच मामंजी, म्हणजे माझे सासरे, मोट हाकताना विहिरीच्या धावेवरून, म्हणजे बैलांच्या उतारावरून, घसरले होते. पाय मोडला. मिरजेला नेऊन प्लास्टर घातलं, आणि जन्मात कधी दुपारी घरात न दिसलेला माणूस सोप्यात बाजेवर येऊन पडला. दिवसभर गड्यांना हाका, बैलांना शिव्या, आमटीला नावं. शेवटी त्यांच्या तोंडाला काहीतरी काम द्यावं म्हणून ह्यांनी ट्रंकेतून पत्त्यांचा जोड काढला. कोपरे झिजलेला, जरा तेलकट. तिकडं दवाखान्यात पडून असताना एका गोऱ्याकडून हा खेळ शिकले होते.

पैसे लावायचे नाहीत असं मामंजींनी ठणकावलं, म्हणून चिंचोके लावायचे ठरलं. मामंजी, सासूबाई, नणंद आणि हे असे चौघं होते. चौघांत रंगत नाही म्हणून नणंदेनं मला स्वयंपाकघरातून ओढून आणलं. सासूबाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या, पण मामंजी म्हणाले, बसू दे की, घरातच तर हाय.

मी बाजेच्या पायथ्याशी बसले, पदर पुढं ओढून. तेव्हा सुनेनं सासऱ्याच्या तोंडाकडे बघायची पद्धत नव्हती, आणि वडीलधाऱ्यांसमोर नवऱ्याकडे तर मुळीच नाही. त्यामुळे मला दिसायचे ते सगळ्यांचे हात आणि पाय. पहिल्याच दिवशी ह्यांनी मला नमुना म्हणून सगळ्यांसमोर उभं केलं. म्हणाले, हिच्याकडनं शिका, तोंडावर काय दिसतंय का बघा. दिसणार काय, कपाळ! पदर नाकापर्यंत होता.

तोंडावर काही दिसू द्यायचं नाही, हा त्यांचा पहिला धडा. नणंदेला तो कधीच जमला नाही. चांगलं पान आलं की ती आधी गालात हसायची आणि मग खोकून ते लपवायची. दुसरा धडा असा की प्रत्येक डावात उतरायचं नाही, वाईट पानं मुकाट्यानं टाकून द्यायची. इथं सासूबाई अडल्या. वाढलेलं ताटात टाकायचं नाही हे त्यांनी आयुष्यभर पाळलेलं, तेव्हा हातात आलेलं पान टाकायचं म्हणजे काय? पाचही पानं छातीशी धरून शेवटपर्यंत बसायच्या आणि हरायच्या. त्यातून राणी आली तर विचारूच नका, लक्ष्मी घरात आलीय म्हणायच्या. हे कपाळाला हात लावायचे.

माझी चूक निराळी. मामंजींनी चिंचोके पुढं सारले की मी पानं टाकून द्यायची, हातात तीन एक्के असले तरी. सासऱ्यांच्या वर कसं जायचं? ह्यांनी एकदा ते पाहिलं आणि पत्ते खाली ठेवून म्हणाले की पोकरात नातं नसतं. मला ते फार विचित्र वाटलं. घरात बसून खेळायचं आणि नातं नाही म्हणायचं, मग खेळायचं कुणाशी? मी हो म्हटलं आणि पुढच्या डावात पुन्हा टाकली.

मामंजी मात्र थाप हा प्रकारच मान्य करत नव्हते. हातात काही नसताना चिंचोके लावायचे, हे त्यांच्या लेखी खोटं बोलणं. पानं वाईट आली की बाजेच्या सुंभाच्या दोरीत अंगठा खुपसून ते कुरतडत बसायचे आणि मग पानं टाकायचे. चांगली आली की हात मांडीवर निवांत. हे मला दिसायचं, कारण माझी मान खालीच. पण त्याचा उपयोग काय करायचा ते कळत नव्हतं, आणि वाईट पानं ते टाकतच होते, तेव्हा उपयोग नव्हताही. घरात सगळ्यांना एक गोष्ट पक्की झाली होती, की मामंजी उतरले म्हणजे पानं खरीच आहेत. हे म्हणायचे, आबा लावत्यात तवा आपण गप बसावं.

आता ह्या खेळाखाली दुसरं जे चाललं होतं ते सांगते. पलटणीतून माणसं कमी करत होते. ह्यांना मात्र साहेबानं पलटणीतच थांब म्हणून सांगितलं होतं, बढती देतो म्हणाला होता. रजा संपायच्या आत काय ते कळवायचं होतं. मामंजी स्वतः जुने पलटणवाले, पोराला घरी राहा म्हणणं त्यांच्या तोंडून येणं शक्य नव्हतं. सासूबाईंनी विषय काढला तेव्हा मी चुलीपाशी होते. मामंजी म्हणाले, पोराच्या बढतीच्या आड बाप येतो व्हय? विषय तिथंच मिटला. सासूबाईंनी भाकरी जरा जास्तच जोरात थापल्या.

मला ते घरी हवे होते. त्यात काही घोळ नव्हता. पुन्हा वर्षानुवर्षं एखाद्या कार्डाची वाट बघत बसायची माझी तयारी नव्हती. घोळ होता तो त्यांच्याविषयी. सकाळी उठून विहिरीवर जायचे, बैलांशी बोलायचे, उसात पाणी धरायचे, तेव्हा वाटायचं, हा माणूस राहणार. संध्याकाळी अंगणात बसून पलटणीचे बूट घासायचे, चिखल लागलेला नसतानाही, तेव्हा वाटायचं, हा निघालाच. एकदा आडून विचारलं, तर म्हणाले, बघू. त्या ‘बघू’चा अर्थ मी तीन दिवस लावत होते. तोंडावर काही दिसू न देण्याचं शिक्षण बायकोवरही वापरायचं असतं का, हे त्या गोऱ्याला कुणीतरी विचारायला हवं होतं.

मधल्या काळात मिरजेला जाऊन प्लास्टर काढून आणलं. डॉक्टरांशी काय बोलणं झालं ते मामंजींनी कुणाला सांगितलं नाही. बरोबर गेलेल्या ह्यांनाही त्यांनी बाहेर बसवलं होतं. घरी आल्यावर पुन्हा बाजेवरच, सावकाशीनं चालीन म्हणाले.

रजा संपत आली होती. दुपारचा डाव मांडला होता, सासूबाई ह्या खेपेला बाजूला सूप घेऊन गहू पाखडत बसल्या होत्या. पानं वाटून झाली. मामंजींनी आपली उचलली, पाहिली, आणि चिंचोक्यांना हात न लावता बोलायला लागले. ह्यांच्याकडे बघून म्हणाले, "पाय आता बरा हाय. परवा तुमी समदी मळ्यात व्हता, तवा काठीबिगर परसापतूर जाऊन आलो. ऊस पुतण्या बघील, बोललोय त्याला. तू खुशाल जा."

ह्यांनी आपली पानं एकावर एक नीट रचली. मग म्हणाले, "बरं. उद्या कळवतो तसं."

झालं. एवढ्यात सगळं ठरलं. आबा थाप मारत नाहीत हे घरातल्या मांजरालाही माहीत होतं. नणंद पानं लावू लागली, सूप पुन्हा हलायला लागलं. माझी मान खाली होती आणि माझ्यासमोर बाजेची कड होती. मामंजींचा अंगठा सुंभात गेला होता आणि कुरतडत होता.

मी फार गोंधळले. हातात वाईट पानं आली असतील म्हणूनही अंगठा जात असेल. पण मग पानं टाकत का नाहीत? आणि पाय खरंच बरा असेल तर मी मध्ये बोलणारी कोण? सासऱ्यांना खोटं पाडणारी सून, असं गावभर होईल. हे जायला उत्सुक असतील तर तेही माझ्यावर कायमचे चिडतील. एवढं सगळं मनात आलं आणि तरीही तोंड उघडलं गेलं.

"मामंजी, चालून दाखवा."

सूप थांबलं. नणंदेला वाटलं मी डावातलंच काहीतरी चुकीचं बोलले. मामंजी म्हणाले, डाव चाललाय, आता पायाचं काय मधीच? आवाज चढलेला नव्हता. मी मान वर केली, पदर मागं सरकला तो सरकू दिला, आणि त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. लग्नानंतर पहिल्यांदाच. भुवया पांढऱ्या होत चालल्यात हे मला माहीत नव्हतं. तोंड एका खरं बोलणाऱ्या माणसाचं होतं, अगदी शांत. त्या तोंडावर विश्वास ठेवला असता तर मी तिथल्या तिथे माफी मागितली असती. मी परत अंगठ्याकडे पाहिलं.

मग मामंजींनी हातातली पानं पालथी करून घोंगडीवर ठेवली.

"टाकली म्या," ते म्हणाले.

नणंदेनं सवयीनं ती पानं उलटायला हात पुढं केला. ह्यांनी तिचं मनगट धरलं. म्हणाले, "टाकलेली पानं उलटायची नसत्यात." मग उठले, पायताण चढवलं आणि बैलांना पाणी दाखवायला निघून गेले. बापाला उभं राहा म्हणाले नाहीत. चालून दाखवा असं त्या घरात पुन्हा कुणीही म्हणालं नाही, आणि मामंजी शेवटपर्यंत काठीशिवाय उंबरा ओलांडू शकले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी कळवलं, पण येत नाही म्हणून. राहिले. ऊस लावला, तोडला, मुलं झाली, मामंजींना रोज सकाळी धरून ओट्यावर आणून बसवलं. मला हवं होतं ते मिळालं. मामंजी त्यानंतर माझ्याशी सरळ तोंडाकडे बघून बोलू लागले, आणि मीही. एकदा म्हणाले, पोरी, तू खेळ लवकर शिकलीस. मी म्हटलं, तो मला अजून नीट कळलेला नाही. ते खूप हसले. मला वाटतं त्यांना तो विनोद वाटला.

राहता राहिले हे. दर खंडेनवमीला आमच्याकडे नांगर, कुळव, कोयता, मोट सगळं धुऊन ओळीनं मांडतात आणि घरची बाई हळदकुंकू वाहते. त्या वर्षी ओळीच्या शेवटी ह्यांनी पलटणीचे बूट आणून ठेवले, घासून चकचकीत केलेले. पूजेत पायताण म्हणून सासूबाई कुरकुरल्या, पण मामंजींनी राहू द्या म्हटलं. तेव्हापासून दर वर्षी ते बूट तिथं येतात. चामडं केव्हाच तडकलंय, पण घासलेले असतात.

एका वर्षी मी बुटांपाशी थांबले. घरात आम्ही दोघंच होतो. विचारलं, "तुम्हाला जायचं होतं का हो?"

मी तोंडाकडे पाहिलं, मग सवयीनं हातांकडे पाहिलं. दोन्ही हात मांडीवर होते, अंगठेसुद्धा हलत नव्हते. बापाचे हात मला वाचता आले, पण हे तो खेळ इटलीत शिकून आले होते.

"हळदकुंकू लाव की," ते म्हणाले, "थांबलीस कशाला?"

मी लावलं.