साडेचारचा निरोप

भावोजी लिफ्ट दुरुस्त करतात. हात काळे, बोलणं मोजकं. कुणी अडकलं की आधी वरूनच ओरडून सांगतात, "घाबरू नका, आलोय." त्यांची बायको माझी मैत्रीण. ती छपाईआधी पुस्तकांतल्या चुका काढायची, म्हणून आम्ही तिला ऱ्हस्वदीर्घ म्हणायचो. माझ्या लग्नपत्रिकेतही तिनं तीन चुका काढल्या होत्या, तेही लग्न झाल्यावर. ती गेली त्याला आठ महिने झाले. तिचा कॉम्प्युटर मात्र अजून रोज सव्वाचारला आपणहून जागा होतो.

"तिच्या कॉम्प्युटरला ग्राफिक्स कार्ड बसवून द्या," भावोजी माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात येऊन म्हणाले. "पडदा काळा आहे. मला एकदाच बघायचंय."

काय बघायचंय ते मला ठाऊक होतं. तिचं हृदय अधू होतं. म्हणून तिनं स्वतःच एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. सव्वाचारला तो विचारायचा, "बरी आहेस ना?" पंधरा मिनिटांत बटण दाबलं नाही, तर भावोजींच्या फोनवर निरोप जायचा, "घरी ये". तिला स्वतःला बोलवायचं असलं तरी तिथूनच, त्याच दोन शब्दांत. पण बाई कामात बुडाली की बटण विसरायची. दोनदा भावोजी धावतपळत घरी पोचले, तर ही वेलांट्या सुधारत बसलेली. मग त्यांनी धावणं सोडलं. शेवटच्या दिवशीही चार एकतीसला निरोप आला. प्रोग्राम मिनिटभर इकडेतिकडे करायचाच. विसरली असेल, असं म्हणत त्यांनी हातातली लिफ्ट पुरी केली आणि सातला घरी गेले.

तो निरोप कॉम्प्युटरचा की तिचा? कॉम्प्युटरचा असेल तर ती आधीच गेलेली, धावून काही उपयोग नव्हता. तिचा असेल तर... हे एवढंच त्यांना आठ महिने खात होतं. कार्ड त्याच आठवड्यात जळालं, पण आतला प्रोग्राम चालूच. रोज साडेचारला त्यांच्या खिशात "घरी ये" वाजतं. "प्लग काढून टाका हो," मी म्हटलं, तर त्यांनी असं बघितलं की मी विषयच बदलला.

डिस्क काढून दुकानात तपासू का, हेही विचारलं. "तिचं कपाट फोडल्यासारखं होईल," म्हणाले. नवा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्राम, आत घालायचा तर पासवर्ड लागतो, आणि तो कुणालाच माहीत नाही. कॉम्प्युटरची पेटी बुटकी, वीजपुरवठा किरकोळ, कार्डाला वेगळी वायर द्यायची सोयच नाही. त्यात ऱ्हस्वदीर्घची सगळी सिस्टिम ओपन सोर्स. "ज्याच्या आत डोकावता येत नाही ते माझ्या घरात नको," हा तिचा खाक्या. मी स्वस्तातलं, कमी विजेवर चालणारं नवंकोरं कार्ड नेलं, तर तिच्या सिस्टिमनं त्याला ओळखच दाखवली नाही. शेवटी जुनं तेच सोनं. माझ्या भंगाराच्या खोक्यात दहा वर्षांपूर्वीचं, बिनपंख्याचं कार्ड निघालं. तीसेक वॅटवर भागवणारं, आणि त्याचा ड्रायव्हर तिच्या सिस्टिममध्ये आधीपासून होता.

मंगळवारी चारला त्यांच्या घरी जाऊन ते बसवलं. आम्ही दोघं समोर बसलो. सव्वाचारला पडदा उजळला.

"बरी आहेस ना?"

प्रश्नाखाली यादी होती. तारीख, वेळ, आणि निरोप कुणी पाठवला त्याचा रकाना, 'आपोआप' किंवा 'स्वतः'. मी माऊसनं मागे मागे जाऊ लागले. आपोआप, आपोआप, आपोआप. खरं सांगते, त्या तारखेलाही तोच शब्द निघावा म्हणून मी मनातल्या मनात गयावया करत होते.

त्या तारखेला दोन ओळी होत्या. चार सोळा, बरी आहे. चार एकतीस, घरी ये, स्वतः.

भावोजींनी वाचलं. रडले नाहीत.

"त्या लिफ्टपासून घर बारा मिनिटांवर होतं," ते म्हणाले.

मग ते उठले, दाराशी गेले आणि खाली बसून बूट घालू लागले.

"कुठे निघालात?" मी विचारलं.

"घरी. तिनं बोलावलंय."

मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. "भावोजी, घरीच आहात," एवढंच म्हणायचं होतं. त्यांनी दुसरा बूट ओढून घेतला.