तराजूची साखळी

कपात चहाचा शेवटचा घोट उरला की ताई त्यात बोट बुडवायच्या आणि टेबलाच्या सनमायकावर चित्र काढायच्या. होडी, कोळंबी, केळीचा खुंट, त्या दिवशीच्या कामाला जे हवं असेल ते. पंख्याच्या वाऱ्याने ते वाळून जाईपर्यंत टक लावून बघायच्या. मग "बसलं डोक्यात" म्हणून माउस हातात घ्यायच्या. टेबल पुसायचं काम माझ्याकडे होतं.

त्यांचं नाव मी इथे लिहिणार नाही. का, ते पुढे कळेल.

अंधेरीच्या बरंच पुढे, खाडीकाठच्या जेसल पार्कात आमचं दुकान होतं. आमचं म्हणजे शेठचं. पुढे झेरॉक्स, आतल्या खोलीत लग्नपत्रिका, बॅनर आणि आसपासच्या दवाखान्यांच्या, क्लासेसच्या, हॉटेलांच्या वेबसाइट. मी रायगडातल्या एका तालुक्याच्या गावातून पदवी घेऊन आलेला. आमच्या घरातला पहिला पदवीधर. वडील भातगिरणीत गोणी तोलायचे. कॉलेजात चार जणांत एक संगणक, त्यामुळे माझ्या पदवीला माउसची सवय बेताचीच होती. पहिल्याच दिवशी शेठनी पत्रिकेवरचा कलश करायला सांगितला. तासाभराने पडद्यावर जे उभं राहिलं होतं ते पाहून शेठ म्हणाले, "ये हंडा है क्या?"

ताई समुद्राकाठच्या डोंगरी गावाहून बसने यायच्या. वय पंचेचाळीसच्या आसपास, शिक्षण दहावी. एकेकाळी त्यांच्या घरचे लोक मिठागरात राबायचे. संगणक त्या दुकानातच, बघून बघून शिकल्या होत्या. त्यांनी खुर्ची माझ्याशेजारी ओढली आणि एक फोल्डर उघडून दिलं. त्याचं नाव होतं 'सगळ्यांचं'.

आत शेकडो चित्रं होती. तोरणं, समया, मोर, बांबूच्या वलांडीवर वाळत घातलेले बोंबील, मिठाच्या राशी, नथ घातलेली बाई, नथ न घातलेली बाई. दुकानात काम केलेल्या प्रत्येकाने काही ना काही ठेवलेलं.

"यातलं कायपण घे," ताई म्हणाल्या. "पन एक घेतलंस की एक ठेवायचं. सोताचं."

दुसराही एक नियम होता. जो चित्र ठेवेल त्याचं नाव ताई फाइलवर घालायच्या. सोडून गेलेल्यांचीही नावं तिथे जशीच्या तशी होती. निनावी होती ती फक्त ताईंची स्वतःची चित्रं, आणि तीच सर्वांत जास्त. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "माजं काय, घरचंच हाय."

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ते फार सोयीस्करपणे लक्षात ठेवलं.

फॅशनची ताईंना गंमत वाटायची. "गेल्या वर्साला सगल्यांना गोल पायजे व्हते. औंदा सगल्यांना मोर पायजे. मोरांनी काय केलंय कुनाचं?" एका दातांच्या डॉक्टरांच्या वेबसाइटसाठी मी नेटवरून गोऱ्या, हसऱ्या कुटुंबाचा फोटो घेतला होता. ताईंनी तो बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "एवढे पांडरे दात जेसल पार्कात कुनाचे हायत?" मग चहात बोट बुडवून एक आजी काढली, पुढचा एकच दात असलेली, पोट धरून हसणारी. डॉक्टरांनी तीच ठेवली. पेशंट तिच्याकडे बोट दाखवून आत येतात असं पुढे ते सांगायचे.

फोल्डरमध्ये माझं म्हणून मी एकच चित्र ठेवलं. वडिलांच्या गिरणीतला टांगता तराजू. एका पारड्यात गोण, दुसऱ्यात वजनं. साखळ्यांना मी छान लोंबता बाक दिला होता. तसा बाक तेव्हा सगळीकडे चालत होता.

ताईंनी पडद्याजवळ तोंड नेलं. "ही गोन भरलेली हाय ना? मंग साकली अशी लोंबते कशी? भार असला की ती तानलेली असते."

तोलणाऱ्याचा मुलगा मी, आणि हे मला दुसऱ्याने सांगावं. मी म्हणालो, "ताई, असं जास्त चांगलं दिसतं." त्यांनी वाद घातला नाही. फाइलवर माझं नाव घातलं. नंतर दुरुस्त करीन असं मी ठरवलं होतं. केलं नाही.

दोन वर्षांनी अंधेरीच्या एका कंपनीत जागा निघाली. अर्जासोबत स्वतःच्या कामाचं पान मागितलं होतं, आणि आमच्या मातीतली, हाताच्या वळणाची चित्रं असतील तर उत्तम, असंही लिहिलं होतं. तेव्हा त्याचीच चलती होती. माझ्याजवळ आमच्या मातीतला एक तराजू होता. मी 'सगळ्यांचं' उघडलं.

ज्यांच्यावर इतरांची नावं होती ती चित्रं मी सोडून दिली, इतका माझा प्रामाणिकपणा शाबूत होता. निनावी तेवढी घेतली. फुकट चित्रं वाटणाऱ्या एका साइटवर माझ्या गावाच्या नावाने खातं काढलं, ताईंच्या होड्या, बोंबील, मिठाच्या राशी तिथे चढवल्या आणि खाली लिहिलं, कोणीही वापरा, फक्त आमचा उल्लेख करा. शेवटी तराजूही चढवला. पान भरलेलं दिसावं म्हणून. तेच पान अर्जाला जोडलं. ताईंना विचारलं नाही. मनात म्हटलं, सगळ्यांचंच तर आहे.

नोकरी मिळाली. मी पेढे आणले. ताईंनी अर्धा खाल्ला, अर्धा कागदात बांधून घेतला आणि विचारलं, "बापाला कलवलंस?" कळवलं होतं. वडील फोनवर काही बोललेच नव्हते, नुसता गिरणीचा आवाज येत राहिला होता. हे मी ताईंना सांगितलं, तर त्यांचेच डोळे भरले.

मी दुकान सोडायला महिना उरला असताना काशीमीऱ्याच्या एका नव्या हॉटेलचं काम आलं. वेबसाइट, मेन्यू, भिंतींवरची चित्रं, सगळं. दुकानाला एवढं मोठं काम कधी मिळालं नव्हतं आणि शेठनी ते पूर्ण ताईंवर सोपवलं होतं. पहिल्यांदाच हॉटेलच्या पाटीवर, खाली छोट्या अक्षरांत, त्यांचं नाव येणार होतं. ताईंनी जुन्या होड्या आणि बोंबील काढले, त्यांच्याभोवती नवी चित्रं रचली. पाहायला हॉटेलचे मालक आणि त्यांचा मुलगा आले तेव्हा माझे दहा दिवस उरले होते. मालक खूश झाले. मुलाने मोबाइल समोर धरला, होडीचा फोटो काढून नेटवर शोध घेतला आणि म्हणाला, "पापा, ये तो चोरी का माल है. नेट पे पड़ा है, फ्री में."

मोबाइल टेबलावर ठेवला गेला. शेठ वाकले, ताई वाकल्या. मी उभा होतो तिथूनही मला पान ओळखता आलं.

ताईंचं बोट पडद्यावरून हळूहळू खाली सरकत होतं. होडी. बोंबील. राशी. आपलीच चित्रं परक्या नावाखाली पाहताना त्यांच्या कपाळाला आठी पडत चालली होती. शेवटी तराजू आला. लोंबत्या साखळ्यांचा. बोट थांबलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. हे मला आजही नीट आठवतं, कारण त्यांनी पाहावं म्हणून मी वाट बघत होतो. पाहिलं असतं तर कदाचित मी बोललो असतो.

"यहीं से लिया?" शेठनी विचारलं.

"हां," ताई म्हणाल्या. "यहीं से लिया."

काम गेलं. दुसऱ्या दिवसापासून शेठनी ताईंना पुढे झेरॉक्सवर बसवलं.

संध्याकाळी मी बस स्टॉपपर्यंत त्यांच्या मागे गेलो. खरं सांगून टाकतो, शेठना आत्ता सांगतो, असं काहीतरी पुटपुटलो. त्या पिशवीतली छत्री नीट लावत होत्या.

"कंपनीवाल्यांना कललं तर घेतील तुला?"

मी रस्त्याकडे वळून बस येते का ते पाहू लागलो.

"मंग. तुज्या बापाला काय सांगशील? माजं काय, घरचंच हाय."

बस आली. त्या चढल्या. परत जाऊन शेठना सांगायला मला अख्खे दहा दिवस होते. मी ते टेबल पुसण्यात घालवले. ताई पुढे कागद सरळ करत बसलेल्या असायच्या आणि गिऱ्हाइकाला "आगली-पाटली दोनी बाजू?" असं विचारतानाचा त्यांचा आवाज आत ऐकू यायचा. सकाळच्या चहाला त्या आत यायच्या, पण बोट कपात बुडवत नव्हत्या.

अंधेरीत माझं बरं चाललं. लोक ज्याला माझा हात म्हणत तो मी हळूहळू खरोखर शिकलो, त्यांच्याच रेषा गिरवून. चार वर्षं लागली मला धीर यायला. ते पान काढून टाकलं, कंपनीत साहेबांना सांगितलं. नोकरी गेली नाही. म्हणजे तेव्हा सांगितलं असतं तरी कदाचित गेली नसती, हे आता कळून मी काय करू?

डोंगरीला गेलो तेव्हा घराला कुलूप होतं. शेजारची बाई जाळं विणता विणता म्हणाली, "ती हितं न्हाय. लेकीकडं गेली, दोन वर्सं झाली." लेक कुठे, ते तिला सांगता येईना. लेकीचा नंबर कोणाकडे नव्हता. ताईंचा जुना नंबर लागत नाही. त्यांना विचारता येत नाही, म्हणून इथे नाव नाही. त्यांचं काही न विचारता एकदा घेऊन झालं आहे.

परतताना दुकानात शिरलो. शेठना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. "वो बाई ने कभी बोला नहीं," म्हणाले. मग आतल्या खोलीकडे हात केला. "बैठ, देखना है तो देख."

संगणक नवा होता, पण 'सगळ्यांचं' त्यात तसंच आणलेलं होतं. नव्या मुलांची नावं वाढली होती. ताईंची चित्रं अजून निनावी. मी माझी फाइल उघडली.

चित्राच्या साखळ्या बदललेल्या होत्या. चारही, कडी न् कडी नव्याने काढलेली. गोणीच्या भाराने ताठ ओढलेल्या. दुरुस्तीची तारीख मी सोडून गेल्यानंतरची, ताई झेरॉक्सवर होत्या त्या दिवसांतली.

फाइलवर नाव माझंच होतं.