ब्रेकवरचा अंगठा

माझी आत्या शहर बसची ड्रायव्हर. तिच्याबद्दल बोलताना माझी मान आपोआप ताठ होते, आणि ती मी मुळीच खाली करणार नाही.

तिच्या डेपोत जुन्या ड्रायव्हरांची एक रीत आहे. बूट पातळ तळव्याचे घालायचे, म्हणजे ब्रेक किती लागलाय हे अंगठ्याला कळतं. नव्यांना ती बजावते, "डोळे रस्त्यावर आणि अक्कल अंगठ्यात ठेवा." नेमका तोच उजवा अंगठा एका सकाळी टोमॅटोसारखा लाल होऊन बसला. नुसती चादर लागली तरी ती ओरडायची.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गाऊट आहे. रक्तात युरिक अ‍ॅसिड वाढलंय, त्याचे बारीक खडे सांध्यात साचलेत. रोजची गोळी दिली, कलेजी आणि बिअर बंद केली, पाणी भरपूर प्यायला सांगितलं. निघताना म्हणाल्या, "चेरी खात जा. त्यातल्या अँटिऑक्सिडंटमुळे सूज उतरायला थोडी मदत होऊ शकते."

आत्यानं त्यातलं 'थोडी' तेवढं दवाखान्यातच ठेवलं. अँटिऑक्सिडंट म्हणजे काय, हे तिनं डेपोच्या मिस्त्रीला विचारलं. तो म्हणाला, "गंज धरू देत नाही ते." झालं! गंजाशी तर तिचा उभा दावा. वाडगं भरभरून चेरी सुरू झाल्या. ओठ जांभळे, स्टिअरिंगवर डाग. अंगठा शांत झाला, तशी तिनं गोळी परस्पर बंद केली.

"आत्या, डॉक्टरांना विचारलंस का?"

"गंज उतरल्यावर पुन्हा कोण घासत बसतं गं?"

कप्पाळ माझं!

काही आठवड्यांनी पुलाच्या उतारावर, भरलेल्या बसमध्ये, अंगठ्यात कळ आली. पुढचा थांबा समोर दिसत होता. इतक्या वर्षांत तिनं प्रवासी कधी अर्ध्या रस्त्यात उतरवले नव्हते, आणि त्याचा तिला भारी तोरा होता. तरी तिनं बस कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि मागे वळून सांगितलं, "मंडळी, माझा पाय आज भरवशाचा नाही. मागची बस येतेय, तिच्यात बसा." लोक कुरकुरले. एका काकांनी तर मनसोक्त तोंडसुख घेतलं. ती एका पायावर उभी राहून ऐकत होती. हे कळलं तेव्हा तिचा जितका अभिमान वाटला, तितका आधी कधीच वाटला नव्हता.

डेपोच्या साहेबांनी तिला गाडीवरून उतरवलं. पुन्हा स्टिअरिंग मिळणार की कायमचं तिकीट खिडकीत बसावं लागणार, कुणालाच ठाऊक नव्हतं. डॉक्टरीणबाईंनीही चांगलीच हजेरी घेतली. "चेरी गोळीच्या जोडीला. गोळीच्या जागी नाही!" कुणाचं न ऐकणाऱ्या माझ्या आत्यानं या वेळी मात्र ऐकलं. मग रोज गोळी, तांब्या तांब्या पाणी आणि मूठभरच चेरी. हळूहळू युरिक अ‍ॅसिड उतरलं, आणि डॉक्टरीणबाईंनी गाडी चालवायला परवानगी दिली.

साहेबांकडे ती मला घेऊन गेली. साहेबांनी विचारलं, "आणि पुन्हा भर रस्त्यात दुखलं तर?"

"तर पुन्हा बस उभी करीन. थांब्यापर्यंत रेटणार नाही."

साहेबांनी किल्ली पुढे केली. मला वाटलं, आता झडप घालेल. आत्या खाली वाकली, बूट काढला, अंगठा सगळीकडून दाबून पाहिला. मग बूट चढवला आणि हात पुढे केला.